नागसेनाचा दिवा आणि पाण्यातला स्पंज



आमच्या कार्यालयात जवळजवळ प्रत्येक टेबलावर प्लास्टिकची एक छोटी डबी असते. तिच्यात ओला स्पंज. कागद मोजायचे असोत की तिकीट चिकटवायचे असो, बोट त्या स्पंजावर टेकवायचे आणि कामाला लागायचे. वीस वर्षे मी हेच करीत आलो. पण स्पंज नावाचा एक जिवंत प्राणी असतो, डबीतला आपला स्पंज ही त्याची कारखान्यात केलेली नक्कल आहे, हे मला परवापर्यंत नीट ठाऊक नव्हते. मी वाणिज्य शाखेचा माणूस. जमाखर्च कळतो, प्राणिशास्त्र कळत नाही. ते मला शिकवले आमच्याच वस्तीतल्या एका मुलीने.

मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आई सफाई कामगार. रविवारी विहारात वंदना आटोपली, लोक पांगले, तेव्हा या मायलेकी माझ्यासमोर येऊन बसल्या. आई म्हणाली, "भाऊ, हिला जरा समजावून सांगा. माझी चार वर्षं राहिलीत. माझ्या जागेवर हिचं नाव लावायचं म्हणते मी, तर ही ऐकत नाही. पक्की नोकरी हाये. आजकाल कोण देतं?"

सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळावी, ही तरतूद लाड-पागे समितीच्या शिफारशींमधून आलेली आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. या तरतुदीवर कितीतरी घरे उभी राहिली, मुलांच्या फिया भरल्या गेल्या. तिला नावे ठेवणे सोपे आहे. पण महिन्याच्या एक तारखेला पगार होतो म्हणजे काय, हे ज्याच्या घरात पगार होत नाही त्याला विचारावे. म्हणून मी गप्प राहिलो.

मुलगी म्हणाली, "काका, मला उद्या पोरीफेराचा पेपर आहे. आधी तो तरी होऊ द्या."

"पोरीफेरा म्हणजे काय गं?" मी विचारले. तिने वही उघडली. मग विहाराच्या ओट्यावर जो तास झाला, तो आज मी तुम्हाला सांगतो.

पोरीफेरा म्हणजे अंगाला छिद्रे असलेले प्राणी, अर्थात स्पंज. या प्राण्याला तोंड नाही, पोट नाही, हृदय नाही, मेंदू नाही. समुद्रात किंवा गोड्या पाण्यात दगडाला, लाकडाला चिकटून तो आयुष्य काढतो. अंगावरच्या हजारो बारीक छिद्रांतून पाणी आत येते आणि मोठ्या भोकातून बाहेर पडते. आत छोट्या छोट्या खोल्या असतात. त्या खोल्यांच्या भिंतीत ज्या पेशी असतात त्यांना प्रत्येकी एक चाबकासारखी शेपटी आणि शेपटीभोवती सदऱ्याच्या कॉलरसारखी जाळी असते. शेपटी हलते, पाणी ओढले जाते, आणि पाण्यातले सूक्ष्म अन्न कॉलरमध्ये अडकते. आपण यांना कॉलरच्या पेशी म्हणू. बाहेरून अंग झाकणाऱ्या चपट्या पेशी निराळ्या. आणि या दोहोंच्या मधल्या भागात फिरत राहणाऱ्या आणखी एका जातीच्या पेशी असतात. त्यांना आपण फिरत्या पेशी म्हणू. आजच्या गोष्टीत त्यांचे काम मोठे आहे, म्हणून हे नाव लक्षात ठेवा.

जागचा हलत नाही म्हणून कित्येक काळ लोक स्पंजाला वनस्पतीच समजत होते. १८२५ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट ग्रँट नावाच्या संशोधकाने भिंगाखाली पाहिले, की स्पंजाच्या भोकातून पाण्याची धार बाहेर पडते आहे. हे ग्रँट पुढे जगप्रसिद्ध झालेल्या डार्विनचे एडिंबरोमधले एक मार्गदर्शक. आपल्या महाराष्ट्राचाही या शोधात वाटा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेला हेन्री कार्टर नावाचा डॉक्टर मुंबईत राहत होता. त्या काळी मुंबईत पाण्याची तळी पुष्कळ. त्या तळ्यांतले गोड्या पाण्याचे स्पंज त्याने बारकाईने तपासले आणि १८४८-४९ मध्ये त्यांवर लेख प्रसिद्ध करून स्पंज हा प्राणीच आहे अशी बाजू मांडली. त्याच्या नावाने ओळखला जाणारा एक स्पंज आजही भारतातल्या तळ्यांत सापडतो. पुण्याच्या मॉडर्न कॉलेजच्या अभ्यासकांनीही २०१३ मध्ये पुणे परिसरातल्या गोड्या पाण्याच्या पाच जातींच्या स्पंजांची नोंद प्रसिद्ध केली. तेव्हा ही गोष्ट दूर देशीच्या प्राण्याची आहे असे कोणी समजू नये.

तळे उन्हाळ्यात आटले तर त्यातल्या स्पंजाचे काय होत असेल? मराठवाड्याच्या माणसाला हा प्रश्न पहिल्यांदा पडणार. गोड्या पाण्यातले बरेच स्पंज आपल्या शरीरात खसखशीएवढ्या टणक गोळ्या तयार करतात. त्या गोळीत फिरत्या पेशी अन्नाची शिदोरी घेऊन बसतात. स्पंज मरून वाळून जातो, गोळ्या राहतात. पाऊस पडला, तळे भरले, की गोळीतून त्या पेशी बाहेर येतात. त्यांच्यातूनच कोणी अंगाची पेशी होते, कोणी कॉलरची, कोणी हाडासारख्या बारीक सुया तयार करणारी. एका प्रकारच्या पेशींतून सारा स्पंज पुन्हा उभा राहतो.

आता मूळ गोष्ट. स्पंजाला पिल्लेही होतात. शास्त्रात त्या पिल्लाला डिंभ म्हणतात. ते डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढे, लांबट, आणि अंगभर केसांसारखे तंतू असलेले. हे तंतू हलवून ते पाण्यात पोहते. म्हणजे आई-बाप एका जागी खिळलेले, आणि पिल्लू मात्र मोकळे! काही तास, फार तर काही दिवस पोहून ते योग्य जागा शोधते, तिथे टेकते, चपटे होते, आणि त्याचे रूपांतर सुरू होते. सुरवंटाचे फुलपाखरू व्हावे तसे. फक्त येथे पोहणाऱ्याचे बसणारे होते.

या रूपांतरात पेशींचे काय होते, यावर शास्त्रज्ञांमध्ये शंभर वर्षांहून अधिक वाद चालला. पिल्लाच्या अंगावर तंतू असलेल्या पेशी बाहेर होत्या. मोठ्या स्पंजात शेपटी असलेल्या पेशी आत आहेत. मग बाहेरच्या पेशी आत गेल्या काय? की जुन्या मेल्या आणि नव्या झाल्या? नुसते पाहून हे ठरत नव्हते.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात नाकानिशी, सोगाबे आणि डेग्नन या तीन संशोधकांनी तेथल्या समुद्रातल्या एका स्पंजावर काम केले आणि ते २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांची युक्ती साधी होती. पिल्लाच्या बाहेरच्या पेशींना त्यांनी चमकणारा रंग लावला आणि पिल्लू टेकल्यानंतर तो रंग कुठे कुठे जातो ते पाहत राहिले. बाजारात खुणेची नोट सोडावी आणि ती कोणाकोणाच्या गल्ल्यात गेली ते पाहावे, तसे. काय दिसले? बाहेरच्या पेशींनी आपले जुने रूप टाकले. शेजारच्या पेशीला धरून उभे राहणे सोडले आणि त्या आत शिरल्या. पुष्कळजणी आधी त्या फिरत्या पेशींसारख्या झाल्या. म्हणजे ना अंगाच्या, ना खोलीच्या. सगळे काम करू शकतील अशा. आणि मग तीन-चार दिवसांत नवा स्पंज तयार झाला तेव्हा तो रंग कॉलरच्या पेशींत सापडला, अंग झाकणाऱ्या पेशींत सापडला, इतर पेशींतही सापडला. पिल्लाच्या आतल्या थरातल्या पेशींचेही तसेच. जन्माच्या वेळी कोण कोणत्या थरात होते, यावरून पुढे कोण काय होणार हे ठरलेच नाही!

याच गटाने २०१६ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात आणखी एक गोष्ट पुढे आली. कॉलरची पेशी झाली म्हणजे ती कायमची कॉलरची, असेही नाही. ती परत फिरती पेशी होऊ शकते, आणि फिरती पेशी पुन्हा दुसरे काही.

इथे त्या मुलीच्या आईने मध्येच विचारले, "पण त्या पेशीला कोण सांगतं, तू आता आत जा म्हणून? मुकादम असतो का कोणी?"

मुलगी हसली नाही. म्हणाली, "आई, हाच तर खरा प्रश्न आहे." मग तिने सांगितले ते असे. एका स्पंजाच्या सगळ्या पेशींत जनुकांचा संच एकच असतो. या ऑस्ट्रेलियातल्या स्पंजाचा पूर्ण जनुकसंच २०१० मध्ये वाचून झाला, आणि त्या शोधनिबंधावर पहिले नाव आहे मानसी श्रीवास्तव या संशोधिकेचे. जनुकसंच म्हणजे जणू एकच जाडजूड पुस्तक. प्रत्येक पेशीकडे सबंध पुस्तक आहे. पण कोणती पाने उघडायची आणि कोणती मिटलेली ठेवायची, यावरून ती अंगाची होते की कॉलरची. पाने उघडण्याचे इशारे बाहेरून येतात. शेजारी कोण आहे, आपण आत आहोत की बाहेर, पाण्यात कोणती रसायने आहेत, यावरून. पिल्लालासुद्धा खडकावरच्या एका प्रकारच्या शेवाळ्याचा स्पर्श झाला की टेकण्याचा इशारा मिळतो. मुकादम कोणी नाही. एकमेकींचे इशारे ऐकून काम वाटले जाते.

अमेरिकेत विल्सन नावाच्या प्राध्यापकाने १९०७ मध्ये याचा विलक्षण पुरावा दिला होता. जिवंत स्पंज त्याने बारीक रेशमी कापडातून पाण्यात पिळला, आपण पुरण यंत्रातून काढतो तसा. पेशी सुट्या सुट्या झाल्या. थोड्या वेळाने त्या सरकत सरकत एकमेकींना चिकटू लागल्या, त्यांचे गोळे झाले, आणि त्या गोळ्यांतून पुन्हा जिवंत स्पंज तयार झाले. ज्याचे तुकडे तुकडे केले, ते पुन्हा जुळून उभे राहिले!

आपल्या शरीरात एवढी मोकळीक नाही. आपली कातडीची पेशी एरवी मेंदूची होत नाही. पण तिच्यातही पुस्तक पूर्णच असते. इंग्लंडच्या जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकावर प्रयोग करून दाखवले, की आतड्याच्या पेशीतल्या केंद्रकातूनही नवा जीव वाढू शकतो. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या शरीरातल्या वाढलेल्या पेशीला मागे नेऊन पुन्हा 'काहीही होऊ शकणारी' करून दाखवले. दोघांना २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यातले गर्डन शाळेत असताना जीवशास्त्रात वर्गात शेवटचे होते, आणि या मुलाने शास्त्रज्ञ होण्याची इच्छा धरणे हास्यास्पद आहे, असा शेरा त्यांच्या शिक्षकाने मारला होता. ज्या मुलांना असा शेरा मिळाला आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

हे सारे ऐकताना माझे मन नागसेनवनात गेले. पूज्य बाबासाहेबांनी १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत आपल्या या शहरात कॉलेज सुरू केले. त्याला पुढे मिलिंद राजाचे नाव मिळाले आणि परिसराला भिक्खू नागसेनांचे. त्या दोघांच्या संवादात राजा विचारतो, की पाळण्यातले मूल आणि मोठा झालेला माणूस एकच की वेगळे? नागसेन त्याला रात्रभर जळणाऱ्या दिव्याचे उदाहरण देतात. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत तीच म्हणता येत नाही, आणि निराळीही म्हणता येत नाही. दुधाचे दही, दह्याचे लोणी, लोण्याचे तूप होते, तेही तसेच. पोहणारे पिल्लू आणि बसलेला स्पंज यांना हाच दृष्टान्त लागू पडतो. पेशी त्याच वंशाच्या; पण रूप, जागा, काम सगळे बदललेले. 'मी मुळात अमुक आहे आणि अमुकच राहणार' असे म्हणायला जागाच नाही.

आता बंधू-भगिनींनो, शरीराचे उदाहरण देऊन आपल्या पूर्वजांना शतकानुशतके काय सांगितले गेले, ते आठवा. एक मुखातून जन्मला, एक बाहूंतून, एक मांड्यांतून, एक पायांतून. म्हणून ज्याचे काम त्याने करावे! बाबासाहेबांनी १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात त्या पुरुषसूक्ताची कसून तपासणी केली. त्याआधी १९३६ मध्ये त्यांनी 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिले होते, की जात ही नुसती कामाची वाटणी नसून कामकऱ्यांचीच विभागणी आहे. काम वाटणे वेगळे आणि माणूसच कामाला जन्मभर बांधून टाकणे वेगळे. स्पंजातही कामाची वाटणी आहेच. कोणी पाणी ओढते, कोणी अंग राखते. पण पेशीला तिच्या थराशी बांधून ठेवलेले नाही.

मात्र एक सावधगिरी बाळगू या. स्पंज काही आंबेडकरवादी नाही! समजा स्पंजाच्या पेशी जन्मभर एकच काम करीत राहिल्या असत्या, तर जातिव्यवस्था न्याय्य ठरली असती काय? मुळीच नाही. माणसाचा माणसाशी व्यवहार कसा असावा, हे समुद्रातल्या प्राण्याला विचारून ठरत नाही. ते विवेकाने आणि संविधानाने ठरते. जे निसर्गाचा दाखला देऊन आपल्याला खाली ठेवीत होते, त्यांचीच चूक आपण उलट बाजूने करू नये. पेशीला निवड नसते. माणसाला असते, आणि म्हणून त्याच्यावर जबाबदारीही असते. स्पंजाची गोष्ट एवढेच करते, की 'शरीरातच तसे असते' हे जे ठासून सांगितले जाई, ते सांगणाऱ्याला शरीरच ठाऊक नव्हते हे उघडे पाडते.

त्या दिवशी ओट्यावर शेवटी काय झाले, ते सांगून लेख संपवतो. आई बराच वेळ वहीतल्या चित्राकडे पाहत होती. मग म्हणाली, "म्हणजे पोहून झाल्यावर कुठंतरी टेकावं तर लागतंच ना?"

"लागतं," मुलगी म्हणाली. "पण कुठं टेकायचं ते पिल्लू पोहून बघतं, आई. मला अजून बघू दे."

आईने उत्तर दिले नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, एम.एस्सी.चा फॉर्म कधी निघतो?" चार वर्षे हातात आहेत. वारसाचा हक्क कोठे जात नाही. मुलीला तो लागलाच तर लागेल, त्यात कमीपणा नाही. पण तो शेवटचा आधार असावा, पहिला निकाल नसावा, एवढे त्या माउलीने मान्य केले. झाडू हातात धरून जिने मुलीला बी.एस्सी.पर्यंत आणले, तिला मी आणखी काय समजावून सांगणार?

वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या घरात, शेजारात अशी शिकणारी मुले असतील तर निकाल लागण्याची वाट न पाहता कागद जमवायला लागा. जातीचा दाखला, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, आधारशी जोडलेले बँक खाते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे; तिचा अर्ज महाडीबीटीवर भरतात. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. दाखल्यातले नाव आणि गुणपत्रिकेतले नाव एका अक्षराने चुकले तरी अर्ज अडकतो, हा माझा कारकुनी अनुभव ध्यानात घ्या. अडचण आल्यास रविवारी वंदनेनंतर विहारात भेटा. मी ओट्यावरच असतो.

आणि मुलांनो, उन्हाळ्यात तळ्याचे पाणी उतरले की पाण्यात बुडालेल्या दगडांवर, जुन्या लाकडावर राखाडी-हिरवट, खरखरीत, छिद्रांचे कवच दिसते का ते मोठ्या माणसाला सोबत घेऊन पाहा. दिसलेच तर हाताने चोळू नका, त्यात काचेसारख्या बारीक सुया असतात, खाज सुटते. भिंगातून पाहा, वहीत चित्र काढा, आणि आपल्या आईला समजावून सांगा. ती जो प्रश्न विचारील, तो मला कळवा.

जय भीम!